आप्पांच्या गावाची हद्द

कोशाच्या ऑफिसात काम केलेल्या माणसाकडे किस्से फार साठतात. शब्द कार्डावर लिहून खोक्यात टाकायची सवय लागते, आणि मग माणसंही तशीच खोक्यात पडतात. फरक एवढाच की शब्द अकारविल्हे लावता येतात, माणसं लावता येत नाहीत. एक काढायला जावं तर दुसरंच हाताला लागतं.

मला आता चौऱ्याऐंशी पूर्ण झाली आणि माझ्या आठवणीवर माझा भरवसा राहिलेला नाही. हे मी नम्रता म्हणून लिहीत नाही. पुढे येणाऱ्या किश्शांपैकी एक मी मित्रांना आयुष्यभर सांगत आलो, आणि तो दोन तऱ्हांनी सांगितला आहे. एका तऱ्हेत आप्पा एक शब्द बोलतात. दुसऱ्या तऱ्हेत तो शब्द कोण बोललं हे मी शिताफीने गाळतो. शब्द अगदी साधा आहे : 'थांबा.'

तो कोणी उच्चारला, एवढंच मला पक्कं करायचं होतं. बाकीचे किस्से त्या वाटेवरचे.

*

ऑफिस गिरगावात, ठाकुरद्वारच्या अंगाला, दुसऱ्या मजल्यावर. धर्मशास्त्रातल्या शब्दांचा एक मराठी कोश करायचा, असं एका छोट्या ट्रस्टने ठरवलं होतं. पुढच्या खोलीत आम्ही, मागच्या खोलीत ट्रस्टचाच लहानसा छापखाना, आणि मध्ये लाकडी पडदी. संपादक आप्पाशास्त्री. वय साठीच्या आसपास, तपकिरीचं व्यसन, घरात एकटे.

मी इंटरव्ह्यूला गेलो तेव्हा नुकताच संस्कृत घेऊन एम.ए. झालो होतो. पहिला वर्ग! सर्टिफिकेटची गुंडाळी हातात होती. ती आप्पांनी उघडलीसुद्धा नाही.

"स्वाध्याय म्हणजे काय?" त्यांनी विचारलं.

मी सुरू झालो. आपल्या शाखेच्या वेदाचं रोजचं पठण हा मूळ अर्थ. मग शास्त्राचं अध्ययन आणि तसं वागणं हा विस्तार. मग कोणता टीकाकार काय म्हणतो, दुसरा त्याला कुठे खोडतो. दहा मिनिटं मी थांबलो नाही. आप्पा तपकिरीची डबी हातात धरून ऐकत राहिले.

"छान," ते म्हणाले. "आज केलात?"

"काय?"

"स्वाध्याय."

मी सर्टिफिकेटची गुंडाळी या हातातून त्या हातात घेतली.

"म्हणजे अर्थ तुम्हाला येत नाही, नोंद येते. हरकत नाही, आपल्याला नोंदीच करायच्या आहेत. उद्यापासून या!"

*

आप्पांच्या ऑफिसचे काही नियम होते.

पहिला कार्डाचा. शब्दाच्या कार्डावर उजव्या कोपऱ्यात लिहिणाऱ्याने आपली आद्याक्षरं घालायची. डाव्या कोपऱ्यात सही करायची ती त्या अर्थाबद्दल उद्या कोणी जाब विचारला तर उत्तर देणाऱ्याने. डाव्या कोपऱ्यात बहुधा आप्पाच असत.

दुसरा ये-जा वहीचा. दाराशी सुतळीने बांधलेली एक वही असे. बाहेर जाताना वेळ आणि कारण लिहायचं, परत आल्यावर पुन्हा वेळ लिहायची. आप्पा स्वतः कधी चुकत नसत. खालच्या दुकानात गेले तरी लिहीत. 'कारण : तपकीर.' पाच मिनिटांनी वर येऊन, शिंकत शिंकत, आल्याची वेळ!

तिसरा नियम सुट्टीचा. रविवारी ऑफिस चालू, प्रतिपदेला आणि अष्टमीला बंद! त्या तिथींना अनध्याय, म्हणजे शास्त्राने अभ्यासाला मनाई केलेली. बाकी साऱ्या मुंबईची सुट्टी एकीकडे, आमची दुसरीकडे. माझं लग्न ठरत होतं तेव्हा मुलीच्या वडिलांनी विचारलं, "रजा कधी असते तुम्हाला?" मी म्हटलं, "पंचांग बघावं लागेल." लग्न झालं, पण नोकरी खरीच आहे का याची त्यांनी परस्पर चौकशी करून घेतली होती, हे मला नंतर कळलं.

रोज सकाळी नऊला आप्पा आतून दार लावून अर्धा तास आपलं पठण करीत. मग दार उघडे आणि ऑफिस सुरू होई. आम्ही तोवर जिन्यात उभे. आमच्यापैकी कोणी तक्रार केली नाही, कारण आवाज फार सुरेख होता.

*

आमच्यात सोनवणे म्हणून एक होता. घोडपदेवला चाळीत राहायचा, दिवसा नोकरी करून रात्रीच्या कॉलेजात संस्कृत शिकलेला. अक्षर असं, की छापायची गरजच नाही. कार्डांची शुद्ध प्रत तो करायचा.

'अनध्याय'चं कार्ड मी लिहिलं आणि नकलेसाठी त्याच्याकडे दिलं. अभ्यास केव्हा बंद ठेवावा, याची यादी त्यात होती. वीज कडाडली तर. कोल्हे ओरडले तर. रडण्याचा आवाज कानी आला तर. गावात प्रेत असेल तर, ते बाहेर नेईपर्यंत. यादीच्या शेवटी आणखी एक कारण होतं. ते घालावं की नाही, यावर मी दोन दिवस घालवले होते आणि शेवटी भीत भीत घातलं होतं. अमुक जातींचा मनुष्य जवळ असेल तर.

सोनवणे लिहिता लिहिता थांबला. कार्ड घेऊन आप्पांच्या टेबलाशी गेला.

"आप्पा, एक शंका आहे."

"बोला."

"मी इथे नोकरीला लागून सात महिने झाले. म्हणजे सात महिने या ऑफिसात अनध्यायच चालू आहे की!"

पडदीमागे छापायच्या अक्षरांचे खिळे जुळवणारा विश्राम मोठ्याने हसला. मग आपण हसायला नको होतं असं त्याला वाटलं असावं, कारण एकदम शांतता झाली.

मी म्हटलं, "आप्पा, ती ओळ गाळू या का?"

"गाळायची नाही," आप्पा म्हणाले. "लिहिलं होतं, हे लोकांना कळू दे." मग सोनवणेकडे वळून म्हणाले, "तुम्ही लिहा. डाव्या कोपऱ्यात मी आहे."

सोनवणेने त्या सुंदर अक्षरात ती ओळ लिहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी पठणाच्या वेळी आप्पांनी दार लावलं नाही. पुन्हा कधीच लावलं नाही. जिन्यात उभं राहायचं आमचं बंद झालं. सोनवणे आत आपल्या खुर्चीत बसून पेन्सिलीला टोक काढायचा, आणि आप्पा म्हणत राहायचे.

*

आता तो दिवस.

मुंबईसह महाराष्ट्र मागणाऱ्यांवर गोळीबार होत होते, त्या दिवसांतला. ट्रॅम बंद, दुकानं बंद. सोनवणेला आणि बाकीच्यांना येता आलं नाही, पुढच्या खोलीत आप्पा आणि मी दोघेच. विश्राम मात्र आला होता. विश्राम मालवणकडचा, लालबागला चाळीत राहणारा, हातात कमालीचा वेग. ट्रॅम मिळणार नाही म्हणून तो उजाडायच्या आत निघून चालत आला होता. कारण त्या दिवशी कोशाचा पहिला फर्मा, म्हणजे एकत्र छापायची पहिली सोळा पानं, तयार व्हायचा होता. संध्याकाळी ट्रस्टच्या रावसाहेबांना तो दाखवायचं मी कबूल करून बसलो होतो. माझी पहिली जबाबदारी!

दहा वाजता समोरच्या दवाखान्यातला कंपाउंडर जिन्यातून ओरडला, "लालबागला गोळी चालली! एक गेला!"

आप्पांनी हातातलं पुस्तक मिटलं. "गावात प्रेत आहे. आज अनध्याय."

आणि मी तोंड उघडलं.

अनध्यायाचं कार्ड माझं होतं, ताजं होतं. मी म्हटलं, "आप्पा, शास्त्रात गाव म्हटलं आहे. आपलं गाव गिरगाव. लालबाग वेगळं गाव. मध्ये भायखळा आहे. मोठ्या नगरात दुसऱ्या टोकाच्या प्रेताचा अनध्याय मानला तर अभ्यास कधी होणारच नाही." हे मी आधारांसकट सांगितलं. आधार बरोबर होते. नंतर मी ते पुन्हा पुन्हा तपासले आहेत, आजही ते बरोबरच आहेत.

आप्पा ऐकून घेत होते. "गाव म्हणजे कुठवर, पाटणकर?" एवढंच त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "हद्दीपर्यंत." त्यांनी मिटलेलं पुस्तक बाजूला सरकवलं. मला वाटलं, पटलं.

काम सुरू राहिलं. भिंतीवरच्या घड्याळात बाराचे ठोके पडले, आणि पडदीमागून विश्रामचा आवाज आला. "लालबागचो गेलो तो कोण, काय समाजला? मी जरा घराक जावन येव?"

पडदीच्या या बाजूने उत्तर गेलं : "थांबा. फर्मा होऊ दे."

माझ्या आठवणीत आप्पा त्या वेळी आपल्या खुर्चीत बसलेले आहेत. डबी हातात आहे. ओठ हललेले दिसतात. मी साठ वर्षं ते दृश्य पाहतो आहे.

विश्राम पाच वाजेपर्यंत खिळे जुळवत होता. फर्मा सुरेख झाला. हात धुऊन तो चालत निघाला. घरी पोचला तेव्हा चाळीच्या पायऱ्यांवर बायका बसलेल्या होत्या. गेलेला तो त्याचा धाकटा भाऊ होता, बाबल्या, गिरणीत लागून दीड वर्ष झालेला. बंदोबस्तात चार वाजता त्याला नेलंदेखील होतं. बाराला निघाला असता तर विश्रामला तोंड दिसलं असतं.

ज्याचं प्रेत आपल्या गावातलं की परगावातलं यावर आम्ही वाद घातला, तो बाबल्या होता.

दुसऱ्या दिवशी आप्पा आले ते पाय सुजलेले. चपलेत मावत नव्हते.

"कुठे गेला होतात?" मी विचारलं.

"गावात."

"कुठल्या?"

"लालबागला," आप्पा म्हणाले. "गावात."

*

विश्राम चौदाव्या दिवशी कामावर आला. आप्पा दारातच उभे होते, पठण सुरू केलेलं नव्हतं.

"विश्राम, गावात सगळे बरे?"

विश्रामने डब्याची पिशवी खाली ठेवली. मग म्हणाला, "बरे आसत, आप्पानू."

तेव्हा आप्पा आत गेले आणि त्यांनी सुरुवात केली.

हे मग रोजचं झालं. विश्राम यायचा, आप्पा विचारायचे, विश्राम सांगायचा आणि त्यानंतरच पुस्तक उघडायचं. पण लालबाग-परळ म्हणजे काय लहान वस्ती? चाळीत कोणी ना कोणी जाणारच. कधी विश्राम म्हणे, "नाय आप्पानू, तिसऱ्या माळ्यावरची म्हातारी गेली पहाटे." की संपलं! ती म्हातारी उचलली गेल्याचा निरोप येईपर्यंत ऑफिस बंद. आम्ही हात बांधून बसलेलो.

'क' सुरू व्हायला एक वर्ष जास्त लागलं. रावसाहेब चिडून वर आले. निवृत्त सॉलिसिटर, वाळकेश्वरला राहणारे. जिना चढून त्यांना धाप लागलेली.

"शास्त्रीबुवा, हा काय प्रकार आहे? कोश करणं म्हणजे वेदाध्ययन नव्हे!"

"ग्रंथ उघडावा लागतो की नाही?"

"अहो, पण लालबागची म्हातारी मेली म्हणून गिरगावातलं ऑफिस बंद? तुमच्या गावची हद्द जरा आवरा!"

"प्रयत्न केला होता एकदा," आप्पा म्हणाले. "झेपलं नाही."

रावसाहेबांना काही कळलं नाही. ते माझ्याकडे बघू लागले. मी फायलीत डोकं घातलं.

*

गोळीबाराच्या वर्षीच, दसऱ्यानंतर, सोनवणे बौद्ध झाला होता. त्याने ऑफिसात पेढे वाटले, आप्पांनी खाल्ला. एके सकाळी विश्रामची विचारपूस झाल्यावर सोनवणे आपल्या खुर्चीतून म्हणाला, "आप्पा, घोडपदेव येतं का तुमच्या गावात?"

प्रश्न हसत हसत विचारलेला होता, पण हसू खरं नव्हतं.

आप्पा म्हणाले, "आजपासून येतं."

"नको," सोनवणे म्हणाला. "इतकी वर्षं गावकुसाबाहेर ठेवलंत. आता आम्हीच गाव सोडलं आहे."

आता आप्पा काय बोलतात? आप्पांनी डबी उघडली, मिटली.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "मग मी तिकडे येऊन विचारत जाईन."

सोनवणेने थट्टा समजून सोडून दिलं. पण पुढे त्याची आई आजारी होती तेव्हा महिनाभर ये-जा वहीत रोज संध्याकाळी एक नोंद असे. 'कारण : घोडपदेव.' आई गेली त्या दिवशी सोनवणे म्हणाला, "आप्पा, आमच्यात अनध्याय नसतो." आप्पा म्हणाले, "माहीत आहे." आणि त्यांनी पुस्तक उघडलं नाही.

*

महाराष्ट्र झाला त्या उन्हाळ्यात आम्ही 'स'मध्ये होतो. गिरगावात तोरणं लागली होती, खालच्या दुकानदाराने बर्फी वर पाठवली. विश्रामने बर्फी खिशात ठेवली. "घराक नेतंय," म्हणाला. घरी एका फोटोपुढे ठेवायला नेली, हे कोणी बोललं नाही.

'स्वाध्याय'चं कार्ड आपण स्वतः करू, असं आप्पांनी पहिल्या वर्षीच सांगून ठेवलं होतं. ते कोरंच होतं. पावसाळ्यात त्यांना दम्याने घरी बसवलं आणि त्यांच्या खुर्चीत मी बसू लागलो. तीन आठवडे झाले. शेवटचे फर्मे अडकून पडले होते, म्हणून तीन वेगवेगळी कार्डं लिहून मी त्यांच्या खोलीवर गेलो. ते उशांना टेकून बसले होते.

"वाचा."

मी पहिलं वाचलं. "आपल्या शाखेच्या वेदाचे नित्य पठण."

"पुढचं."

"शास्त्राचे अध्ययन व तदनुसार आचरण."

तिसरं पानभर होतं. ते अर्ध्यावर आलं तसा त्यांनी हात वर केला.

"आज विश्राम आला होता?"

"हो."

"काय म्हणाला?"

"काय म्हणणार? कामाला लागला."

"तुम्ही विचारलं नाहीत?"

तीन आठवड्यांत मी एकदाही विचारलं नव्हतं. विश्राम रोज येऊन दारात क्षणभर उभा राही, आणि मी खाली बघून कागद चाळत असे. त्या पडदीची मला भीती वाटायची, हे आप्पांना कसं सांगणार?

"मग पुस्तक उघडता कसं, पाटणकर?"

आप्पांनी दुसरं कार्ड उचललं, पेन मागितलं आणि डाव्या कोपऱ्यात सही केली.

"चूक असेल तर?" मी विचारलं.

"म्हणून तर डाव्या कोपऱ्यात करतो आहे."

*

त्यानंतर नवव्या दिवशी आप्पा पहाटे गेले. मला सहाला निरोप मिळाला. ऑफिस बंद ठेवायचं सांगायला मी नऊला तिथे पोचलो. सोनवणेला कळलं होतं, तो खुर्चीत डोकं धरून बसला होता. विश्राम नेहमीसारखा आला आणि दारात उभा राहिला. त्याला कळलं आहे की नाही, हे मला समजेना. त्याला सांगायचं कसं?

शेवटी सोनवणेनेच मान वर केली. "विश्राम, गावात सगळे बरे?"

"नाय," विश्राम म्हणाला. "गावात आज एक गेलो."

तो आत गेला. मला वाटलं, रडायला गेला. थोड्या वेळाने बघितलं तर त्याने जुळवायला घेतलेला 'स'चा मजकूर ओल्या फडक्याने झाकून ठेवला होता आणि तो डब्याच्या पिशवीसकट निघाला होता. मी वेड्यासारखा विचारलं, "विश्राम, कुठे?"

"आता कोण थांबा म्हणताहा?" तो म्हणाला. आणि जिना उतरला.

*

कोश निघाला. 'स्वाध्याय'पुढे आप्पांनी सही केलेला अर्थ छापला आहे. तो पुरा आहे की अपुरा, मला अजून ठरवता आलेलं नाही. ऑफिस बंद झालं. मी कॉलेजात शिकवायला लागलो आणि तिथून निवृत्त झालो. या सगळ्या वर्षांत लालबागला एकदाही गेलो नाही. जायला कारण नव्हतं, असं स्वतःला सांगत होतो.

विश्राम वारल्याचं मला उशिरा कळलं. गेल्या वर्षी मनाचा हिय्या करून मी त्याच्या बायकोला भेटायला गेलो. ती जुनी चाळ अजून उभी आहे. सुलोचनावहिनी नव्वदीच्या घरात, पण कान शाबूत.

"कोशाचे पाटणकर मा? बसा हय."

मी बसलो. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग मी विषय काढला. बाबल्या गेला त्या दिवसाचा.

"आप्पा त्या दिवशी दुपारचे इलेले," त्या म्हणाल्या. "हे घराक येवच्या आधी. बाबल्याक नेताना आप्पा वांगडा चलत गेले. मगे हे येयपर्यंत त्या पायरेर बसान रवले. हे इले नि म्हणाले, 'बाराक इचारलंय, तर थांबा म्हणान सांगल्यानी.' तसे आप्पा उठले नि म्हणाले, 'विश्राम, थांबा म्हणणारा मीच.'"

माझ्या छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखं झालं. साठ वर्षांनी! मी जवळजवळ हसलो असेन.

"ह्यांका आवाज येगळो वाटलेलो," वहिनी पुढे म्हणाल्या. "पण म्हणाले, आप्पा म्हणतत तर आसात. मगे कधी इषय काढलो नाय." आणि मग माझ्याकडे बघून, "तुम्ही थयच होतास मा? आप्पाच म्हणाले मा?"

"हो," मी म्हटलं.

जिना उतरेपर्यंत मला बरं वाटत होतं. खाली रस्त्यावर आल्यावर त्यांचं एक वाक्य मागून आलं. दुपारचे इलेले. हे घराक येवच्या आधी.

ऑफिस बंद झालं तेव्हा रद्दीत निघालेली सगळी दप्तरं सोनवणे आपल्या दादरच्या घरी घेऊन गेला होता. मी तिथूनच टॅक्सी केली. तोही आता म्हातारा, काठी घेऊन चालतो. कशाला हवी म्हणून त्याने विचारलं नाही. ये-जा वह्यांचा गठ्ठा काढून दिला आणि चहा टाकायला आत गेला.

पान सापडायला वेळ लागला नाही. त्या तारखेला एकच नोंद आहे, आप्पांच्या अक्षरात. जाण्याची वेळ, सकाळी साडेदहा. कारण, रावसाहेबांस अनध्याय कळविणे. परत आल्याची वेळ लिहिलेली नाही.